कुऱ्हाडीचा दांडा

लहान गावात ‘सर’ ही हाक माणसाला एकदा चिकटली की नोकरी गेली तरी ती सुटत नाही. शिरूर अनंतपाळच्या एस.टी. स्टँडपासून आमच्या मोहल्ल्यापर्यंत पायी दहा मिनिटांची वाट आहे. २०२०च्या पावसाळ्यात त्या दहा मिनिटांत आम्हाला सात-आठ ठिकाणी हाक यायची, ‘सर, सलाम! क्या चल रहा?’ विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसायचे. आम्हीच ‘बस, चल रहा’ म्हणत मान खाली घालून पुढे सरकायचो. मग आम्ही मागच्या गल्लीने येऊ-जाऊ लागलो. पुढे अंधार पडल्यावरच बाहेर निघू लागलो आणि शेवटी बाहेर पडणेच बंद झाले.

घरात दखनीत ‘हम’ म्हणायची सवय असल्याने मराठी लिहितानाही आमच्या लेखणीतून ‘मी’ उतरत नाही, ‘आम्ही’च उतरते. वाचकांनी त्यात मोठेपणा पाहू नये. जे सांगायचे आहे त्यात मोठेपणा मिरवावा असे काही नाही.

आम्ही उर्दू माध्यमाचे शिक्षक. २०११ साली बी.एड. झालो. २०१२च्या मे महिन्यात शासनाने शिक्षक भरतीवर बंदी आणली आणि सरकारी शाळेची वाट बुजली. मग जिल्ह्याबाहेरच्या एका विनाअनुदानित उर्दू हायस्कूलवर रुजू झालो. तिथे पगार नव्हता, मानधन होते, आणि तेही चार-चार महिन्यांनी. ‘फाईल मंत्रालयात आहे, अनुदान येणारच’ या एका वाक्याच्या भरवशावर आठ वर्षे काढली. या वाचकांत अनेक शिक्षक आहेत, त्यांना हे वाक्य समजावून सांगायला नको. मार्च २०२०मध्ये टाळेबंदी लागली, शाळा बंद झाल्या. जूनमध्ये दोन मिनिटांचा एक फोन आला : ‘पट कमी होतोय, संस्थेला परवडत नाही. पुढे बघू.’ त्याच दिवशी तसाच फोन आमच्या एका सोबत्यालाही गेला. ते विज्ञान शिकवायचे, आम्ही उर्दू आणि इतिहास. आठवडाभर दोघे भाड्याच्या एकाच खोलीत राहायचो, एकाच स्टोव्हवर भात शिजवायचो.

पहिले पंधरा दिवस बरे गेले. सारे जगच घरात बसले होते, त्यात आम्हीही. मग हळूहळू सगळे आपापल्या कामाला लागले आणि आम्ही बसूनच राहिलो. मनगटावरचे घड्याळ काढून कपाटावर ठेवले, कारण ते पाहण्याचे कारण उरले नव्हते. सकाळी दहाला उठणे, दुपारी झोपणे, रात्री तीनपर्यंत छताकडे पाहत पडणे, असे दिवस जाऊ लागले. वाचायला वेळ मिळत नाही अशी आठ वर्षे तक्रार केली होती. आता वेळच वेळ होता आणि एक पान वाचवत नव्हते. पत्नी साड्यांना फॉल-पिको करायची, अम्मी तिला दोरे ओवून द्यायची. त्या दोघींचा दिवस पूर्वीसारखाच भरलेला होता. घरात रिकामे आम्ही एकटेच होतो. एकदा धाकट्याने पाटी पुढे करून ‘अब्बा, अलिफ कैसा लिखते?’ विचारले, तर आम्ही त्याच्यावर इतक्या जोरात ओरडलो की तो त्या दिवसापासून पाटी घेऊन अम्मीकडेच जाऊ लागला. शेकडो मुलांना अक्षर शिकवलेल्या माणसाची ही अवस्था.

नातेवाईक येत, बोलत. मामू म्हणाले, मर्द माणूस घरात बसला की घराची बरकत जाते. खालाने नजर लागल्याचे निदान केले आणि एका आमिलाचा तावीज आणला. त्याचे पैसे फॉल-पिकोतून गेले. शिकलेल्या एका भावाने विचारले, ‘एवढे शिकून काय उपयोग झाला?’ कोणी सब्र करायला सांगितले. मराठीत म्हण आहे, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. लाकडाचाच दांडा लाकूड तोडायला लागतो. आम्हाला लागलेले घावही परक्याचे नव्हते, आपल्याच माणसांच्या तोंडचे होते. त्यांच्यापैकी एकही वाईट नव्हता. बेकार माणसाशी काय बोलावे हे आपल्याला कोणी शिकवलेलेच नाही.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा, ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, आम्ही पाच वर्षांचे होतो. त्यानंतर कितीतरी रात्री आमचा सगळा मोहल्ला घराबाहेर झोपला. थोरले लोकही दार वाजले की दचकायचे. पण ‘तुझे मन कमजोर आहे’ असे कोणी कोणाला म्हणाले नाही, कारण भीती सगळ्यांचीच होती. बेकारी हा एकाच घराचा भूकंप असतो. शेजारच्या भिंतीला तडा जात नाही, म्हणून शेजाऱ्याला ते कळत नाही.

आमच्या बाबतीत ते प्रथम कळले आशाताईला. सप्टेंबर २०२०मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली होती. ताप मोजायचे यंत्र आणि बोटाला लावायचे ऑक्सिमीटर घेऊन ती घरोघर फिरत होती. ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या फेरीला आली. आमचे बोट यंत्रात होते, तिची नजर आमच्याकडे. म्हणाली, ‘सर, मागल्या खेपेला बी तुम्ही हितंच बसला होतात. शर्ट बी ह्योच होता. झोप लागती का वो?’ आम्ही ‘लागते’ म्हणालो. ती उठली नाही. जेवण जाते का, कशात मन लागते का, जगू नये असे वाटते का, असे एकेक विचारत राहिली. शेवटच्या प्रश्नाला आम्ही उत्तर दिले नाही आणि आतल्या खोलीत पत्नीचे मशीन थांबले.

तिला हे विचारायला शिकवलेले होते, हे आम्हाला नंतर समजले. शेतकरी आत्महत्यांमुळे राज्य शासनाने २०१५मध्ये मराठवाडा आणि विदर्भातील १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला होता. खचलेली माणसे ओळखण्याचे काम त्यात आशांवर सोपवलेले आहे. प्रकल्प शेतकऱ्यांसाठीचा. आमच्या नावावर सातबारा नाही. पण ताईने ते पाहिले नाही.

नोव्हेंबरात दुल्हेभाईंनी मोटारसायकलवर बसवून आम्हाला लातूरला नेले. आमचा जिल्हा ‘लातूर पॅटर्न’साठी प्रसिद्ध आहे. दहावी-बारावीचे गुण आणि डॉक्टर-इंजिनिअर घडवणारे वर्ग यांच्या पाट्यांनी शहर भरलेले असते. त्या पाट्यांखालून जाताना आम्हाला वाटत होते, कोणी विद्यार्थी भेटला तर कुठे जातोय म्हणून सांगावे? विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेच्या रुग्णालयात मानसोपचार विभागासमोर रांग होती. त्या रांगेत बुरखा होता, नऊवारी होती, पागोटे होते. ही एकच गोष्ट पाहून अर्धे ओझे उतरले.

डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या आणि सांगितले की दोन-तीन आठवडे फरक वाटणार नाही, घाबरून सोडू नका. पण आम्हाला खरे वळण दिले ते समुपदेशकाच्या कागदाने. त्यांनी आमच्याकडून कालच्या दिवसाचा तासातासाचा हिशेब लिहून घेतला. चौदा तासांपैकी अकरा तासांत काय केले ते आठवेना. ते म्हणाले, ‘मन लागले की काम करीन, असे तुम्ही म्हणता. ते उलटे करा. आधी काम करा, मन मागून येईल.’ मग त्यांनी तीनच गोष्टी लिहायला लावल्या. घड्याळ मनगटावर बांधायचे. रोज एक नमाज जमातीने पढायची. रोज अर्धा तास कोणालाही काहीही शिकवायचे. १६ नोव्हेंबरला राज्यातील प्रार्थनास्थळे पुन्हा उघडली होती, त्यामुळे दुसरी सबब आमच्यापाशी राहिली नाही.

त्यांनी आणखी एक केले, जे त्या वेळी आम्हाला पोरकट वाटले. ‘क्या चल रहा?’ याचे उत्तर त्यांनी आमच्याकडून पाठ करून घेतले. ते प्रश्न विचारायचे, आम्ही उत्तर द्यायचे, असे दहा वेळा. ‘शाळा सुटली. सध्या मुलांना घरी शिकवतो. जागा निघाली की फॉर्म भरणार.’ तीन छोटी वाक्ये. पहिल्या दिवशी मशिदीच्या दारात चप्पल घालताना प्रश्न आला आणि आम्ही ती म्हणून टाकली. समोरचा म्हणाला, ‘अच्छा? मग आमच्या पोराला पण घ्या की.’ पाच महिने ज्या प्रश्नापासून पळत होतो, त्याच्या पलीकडे एक विद्यार्थी उभा होता.

पुढे आम्ही या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचे एक गिरणीचे गाव आहे. जागतिक मंदीत तिथली गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायसेल या अभ्यासकांनी त्या गावात जाऊन केलेले संशोधन १९३३मध्ये पुस्तकरूपाने आले. त्यांनी घड्याळ लावून माणसांची चाल मोजली. बेकार पुरुष सावकाश चालत होते, पुन्हापुन्हा थांबत होते. वेळ भरपूर असूनही वाचनालयातून पुस्तके नेणे कमी झाले होते. दिवसभर काय केले हे पुरुषांना नीट सांगता येत नव्हते. बायकांचा दिवस मात्र घरकामाने बांधलेला होता. हे वाचताना आम्हाला कपाटावरचे घड्याळ, न उलटलेले पान आणि फॉल-पिकोचे मशीन आठवले. आमचे दुखणे आमच्या एकट्याच्या नालायकीचे नव्हते. काम गेले की माणसाचे असेच होते, मग तो ऑस्ट्रियाचा विणकर असो वा मराठवाड्याचा मास्तर. याहोडाबाईंनी पुढे मांडले की काम माणसाला पैशाखेरीज पाच गोष्टी देते : दिवसाला बांधणी, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, अनेकांनी मिळून काही करण्याचा हेतू, समाजात ओळख आणि हाताला चाळा. समुपदेशकाच्या कागदावरच्या तीन गोष्टींत या पाचांची थोडी थोडी सोय होती.

‘आधी काम, मन मागून’ ही पद्धतही नुसती समजूत नव्हे. शेजारच्या गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत ती तपासली आहे. डॉक्टरी न शिकलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांबरोबर सहा ते आठ बैठका घेतल्या. २०१७मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार त्यांचे नैराश्य अधिक कमी झाले आणि कामाचे वाया जाणारे दिवसही घटले. आपल्या अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ प्रकल्पात गावातल्याच माणसांना हे काम शिकवले गेले. आधी नैराश्य असलेल्या शंभरांपैकी चार जण मदत घेत होते, दीड वर्षात ते सत्तावीस झाले. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने १९८०च्या दशकात बेकारांसाठी पाच अर्ध्या दिवसांचे शिबिर तयार केले. त्यात नोकरी शोधण्याचे कौशल्य शिकवतात आणि नकार आला तर काय करायचे याची तालीम आधीच करून घेतात. ज्यांचे मन आधीच खचलेले होते त्यांनाच त्याचा जास्त उपयोग झाला, असे दिसून आले. इंग्लंडमध्ये २००८पासूनच्या सरकारी समुपदेशन योजनेत तर समुपदेशकाच्या जोडीला नोकरीविषयक सल्लागारही दिले गेले. म्हणजे मन एका दारात आणि रोजगार दुसऱ्या दारात असे ठेवून भागत नाही, हे जगाला उमगले आहे.

आपल्याला हे नवे वाटावे असे खरे तर नाही. दहाव्या शतकात अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला आणि मनाच्या दुखण्यालाही उपचार असतो, असे सांगितले. त्याहून जुनी एक हदीस आपण सर्वांनी लहानपणी मक्तबमध्ये ऐकलेली आहे. एक अन्सारी मदत मागायला आला. प्रेषितांनी (स.) विचारले, घरात काय आहे? एक चादर आणि एक पेला. ते मागवून दोन दिरहमला विकले. एका दिरहमचे घरात धान्य, दुसऱ्याची कुऱ्हाड. कुऱ्हाडीला दांडा त्यांनी स्वतःच्या हाताने बसवला आणि सांगितले, लाकडे तोडून विक, पंधरा दिवस मला दिसू नकोस. तो परतला तेव्हा त्याच्याजवळ दहा दिरहम होते.

या हदीसवर आम्ही खुत्बे ऐकले, ते सगळे ‘भीक मागू नका’ या एकाच अंगाने. बेकारीतून उठल्यावर आम्हाला त्यातल्या दुसऱ्या गोष्टी दिसल्या. आधी विचारपूस आहे, उपदेश नंतर. घरात काय नाही हे विचारले नाही, काय आहे ते विचारले. आधी घरच्यांच्या पोटाची सोय, मग हत्यार. दांडा स्वतः बसवून दिला, ‘जा, शोध’ म्हणून मोकळे झाले नाहीत. आणि पंधरा दिवसांची मुदत घातली, म्हणजे पुन्हा भेट ठरलेली होती. कोणीतरी आपली वाट पाहत आहे हे माहीत असलेला माणूस लाकूड वेगळ्या जोराने तोडतो.

आपल्या समाजाच्या नोकऱ्यांवर सच्चर समितीने २००६मध्ये अहवाल दिला, राज्यात महमूदुर्रहमान समितीने दिला. त्यांतले आकडे आपले वक्ते पाठ म्हणून दाखवतात. ते म्हटलेच पाहिजेत. पण ज्याला नोकरी मिळाली नाही तो घरात कसा बसला आहे, हा रकाना आम्हाला कुठे सापडला नाही. आपण जकातीतून शिलाई मशीन देतो, हातगाडी देतो. ज्याला सकाळी उठवत नाही त्याच्या हातगाडीला गंज चढतो, आणि मग आपणच म्हणतो, ‘दिले तरी करत नाही.’ त्याला लातूरला नेण्याचे एस.टी.चे भाडे, त्याच्याबरोबर रांगेत उभा राहणारा एक माणूस, ही मदतही तितकीच गरजेची नाही का?

आमचे पुढचे सांगायचे तर, २०२१च्या सोयाबीनच्या हंगामात एका आडत दुकानात हिशेब लिहायचे काम मिळाले. बी.एड. झालेला माणूस पोत्यांचे वजन लिहितो म्हणून कोणी हसलेही असेल. आम्ही घड्याळ बांधून नऊला जात होतो, एवढेच आम्हाला पुरेसे होते. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू बंद झाल्या. फेब्रुवारी-मार्च २०२३मध्ये शिक्षक अभियोग्यता चाचणी झाली, २०१७नंतर प्रथमच. रात्री अभ्यास केला. २०२४मध्ये पवित्र पोर्टलच्या यादीत नाव आले आणि जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेवर शिक्षणसेवक म्हणून रुजू झालो.

इथे हा लेख संपवला असता तर तो खोटा झाला असता. कारण त्याच दिवशी तोच फोन ज्यांना आला होता, त्या सोबत्यांचे सांगायचे राहिले आहे. जुलै २०२०मध्ये त्यांनी आम्हाला दोनदा फोन केला होता. आम्ही उचलला नाही. काय बोलणार होतो? ‘क्या चल रहा’ असेच त्यांनी विचारले असते आणि तेच आम्हाला नको होते. पुढे डिसेंबरात कळले की त्यांनी स्वतःला संपवण्याचा प्रयत्न केला आणि वेळेवर दवाखान्यात नेल्यामुळे ते वाचले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा घरच्यांना काळजी होती ती पोलीस केसची. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असेच गृहीत धरायचे असते आणि त्याची काळजी घेणे हे शासनाचे काम असते, हे आम्ही त्यांना वाचून दाखवले. सोबती भिंतीकडे तोंड करून पडले होते. म्हणाले, ‘फोन तर उचलायचा होता, सर.’

आम्हाला जी नावे ठेवावीशी वाटली होती, मामूंना, खालाला, भावाला, त्यांत आमचेही नाव होते. दोन बेकारांनी एकमेकांना टाळले. तोही गोतास काळच.

सोबती आता लातूरला ऑटो चालवतात. टीईटी राहून गेली, उर्दू माध्यमाच्या जागा मोजक्या, शाळा काही पुन्हा मिळाली नाही. आमच्यापेक्षा ते चांगले शिक्षक होते. म्हणून आम्ही समुपदेशनाला जादूची कांडी म्हणणार नाही. मनाला सावरल्याने जागा निर्माण होत नाहीत. जागा निर्माण करणे, विनाअनुदानित शिक्षकाला वेळेवर मोबदला मिळणे, ही लढाई वेगळी आहे आणि ती लढलीच पाहिजे. उद्या कोणी म्हणेल, नोकऱ्या नाहीत तर नाहीत, यांना समुपदेशन द्या, तर ते आपण मान्य करू नये. पण ती लढाई लढायलासुद्धा माणूस अंथरुणातून उठलेला लागतो.

गेल्या काही वर्षांत आम्ही एवढेच केले आहे. सुट्टीत आमच्या बैठकीत पाच सकाळी पाच-सहा मुले बसतात. कोणी डी.एड., कोणी आय.टी.आय., कोणी पुण्याहून काम सुटून परत आलेला. पहिल्या दिवशी कालच्या दिवसाचा हिशेब लिहायचा. मग अर्ज, मग मुलाखतीची तालीम, मग ‘क्या चल रहा?’ची तालीम. या शेवटच्या तालमीला सगळे हसतात आणि सर्वांत जास्त वेळ त्यालाच लागतो. ज्याला झोपच लागत नाही असे दिसते त्याला आम्ही १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक लावून देतो. ऑक्टोबर २०२२पासून ही सरकारी सेवा फुकट सुरू आहे. गरज पडली तर लातूरच्या रांगेत त्याच्याबरोबर उभे राहतो. आशाताई अधूनमधून डोकावून जाते.

आणि दर पंधरा दिवसांनी, शुक्रवारच्या नमाजनंतर, आम्ही सोबत्यांना फोन लावतो. कधी ते सवारी सोडत असतात, मागून हॉर्न वाजत असतो. ‘बोला सर,’ ते म्हणतात. आम्ही नोकरीचे काढत नाही. आधी विचारतो, जेवलात का?